पट्टा चढला की नळी रिकामी

पडेगावच्या पुढच्या माळावर, बहात्तरच्या दुष्काळात, एका बंदुकीतून बार उडाला आणि एका भल्या माणसाचा पाय जन्माचा अधू झाला. त्याचा दोष पन्नास वर्षं माझ्या मित्राकडे राहिला. लोकांनी तो त्याच्यावर घातला असंही नाही. त्यानं आपण होऊन घेतला. बंदूक त्याची होती, त्याच्याच खांद्याला होती. पण तिच्यात काडतूस मी भरलं होतं. हे त्याला ठाऊक नव्हतं. कुणालाच नव्हतं.

मी आता ब्याऐंशी वर्षांचा आहे. इतक्या उशिरा हे का लिहितो, ते शेवटी येईल.

आम्ही दोघं एकाच कचेरीत कारकून होतो. टेबलाला टेबल लागून. तो पडेगावच्या पलीकडच्या एका शेतकरी घरातला, मॅट्रिक होऊन नोकरीला लागलेला. माझे आजोबा भिक्षुकी करायचे, वडील मोडी वाचणारे दफ्तरदार. आमच्या घरात चातुर्मासात कांदासुद्धा शिरत नसे. असा माणूस बंदुकीपर्यंत कसा पोचला, तर हेव्यानं. दुसरं काही कारण नाही.

सोमवारी सकाळी कचेरीत तो आला की माणसं त्याच्याभोवती जमायची. तो स्वतःहून काही सांगत नसे. लोकच विचारायचे, "काय मग, काल किती?" तो म्हणायचा, "दोन तित्तर. एक सुटलं." बस्स. एवढ्यावर साहेबसुद्धा खुर्ची सरकवून ऐकायचे. मी त्याच्यापेक्षा चांगला मसुदा लिहायचो, अक्षर माझं मोत्यासारखं, पण माझ्या मसुद्याबद्दल सोमवारी सकाळी कुणी काही विचारलं नाही.

म्हणून मी परवाना काढला. जुनी एकनळी घेतली. वडिलांनी ती ओसरीवर पाहिली आणि एवढंच म्हणाले, "आता श्राद्धाला तित्तर वाढायचं का?" 

आम्हा दोघांना शिकवणारे एक म्हातारे गृहस्थ होते. औरंगपुऱ्याच्या मागच्या गल्लीत त्यांचं बंदुका आणि कुलपं दुरुस्त करायचं दुकान. दुकान म्हणजे एक फळी, एक भाता आणि कानशींचा डबा. दाढी मेंदीनं लाल. तरुणपणी कुणा नवाबाच्या शिकारखान्यात होते. सगळे त्यांना चाचा म्हणायचे. रविवारी सकाळी आम्ही सायकली घेऊन निघायचो, छावणी ओलांडून दौलताबादच्या रस्त्याला लागायचो, मित्राच्या शेतावर सायकली टाकायच्या आणि मग दिवसभर माळ तुडवायचा. चाचा त्या वयातही आमच्या पुढं चालायचे.

चाचांकडे एक पट्टा होता. बंदूक खांद्याला अडकवायचा चामडी पट्टा. म्हशीचं कातडं, दोन बोटं रुंद, वर्षानुवर्षं एरंडेल पाजून इतकं मऊ झालेलं की मुठीत धरलं तर मुठीत मावावं. त्या काळी आमच्याकडच्या जुन्या बंदुकांना पट्ट्यासाठी कड्या नसत. चाचांनी त्यावर स्वतःची युक्ती काढली होती. एका टोकाला फासा, तो नळीवरून सरकवायचा. दुसऱ्या टोकाला बक्कल असलेली गळपट्टी, ती लाकडी दस्त्याच्या मानेला आवळायची. एक हिसका दिला की फासा सुटायचा, बक्कल सोडलं की पट्टा कमरेला गुंडाळता यायचा.

शहरातले बाकीचे शिकारी पट्ट्याला हसायचे. पट्टा चौकीदाराला, शिकाऱ्याची बंदूक हातातच शोभते, असं त्यांचं म्हणणं. चाचा त्यांना उत्तर द्यायचे, "मियाँ, तित्तर का शिकार मतलब क्या? दस कोस चलना, दो बार उडाना. दस कोस हाथ में पकडे तो हाथ थकता. हाथ थका तो नळी झुकती. और झुकी तो किसके पाँव पे? दोस्त के!"

पण गवतात शिरायची वेळ आली की पट्टा काढायचा, हेही तेच सांगायचे. तो लोंबत राहिला तर बोरीच्या काट्याला अडकतो, बंदूक खांद्याला यायला क्षणभर उशीर होतो, आणि तित्तर तेवढा क्षण थांबत नाही. पायाजवळून फर्रकन उठतं आणि गेलं.

यातून त्यांचा एक नियम झाला होता. पट्टा चढवला की नळी रिकामी. पट्टा उतरवल्याशिवाय काडतूस भरायचं नाही, आणि काडतूस काढल्याशिवाय पट्टा चढवायचा नाही. त्यामुळे आमच्यात पट्ट्याला लटकलेली बंदूक कुणी उघडून बघत नसे. नमस्कार केल्यावर समोरच्याच्या हातात सुरी आहे का हे आपण बघतो का? तसंच ते. पट्टा दिसला की बंदूक रिकामी. तिच्यासमोर बसून माणूस डबा खात असे.

हा पट्टा चाचा कुणाला तरी देणार हे आम्हाला कळलं होतं. त्यांच्या खांद्याला आता बंदूक जड होत होती. मला वाटायचं, मलाच मिळणार. मी त्यांचं परवान्याचं सगळं लिखाण फुकट करून देत होतो. त्यांचे अर्ज, त्यांच्या जावयाचे अर्ज. ते मला 'मुन्शीजी' म्हणायचे आणि त्यात मला मान वाटायचा.

एका रविवारी त्यांनी आम्हाला दोघांना बंदुका घेऊन बांधावरून चालायला लावलं. मागून बघत राहिले. मग मला म्हणाले, "मुन्शीजी, आप बंदूक ऐसी पकडते जैसे फाइल. गिरी तो साहब चिल्लाएगा बोलके." मित्र खो खो हसला. मीही हसलो. मग त्यांनी कमरेचा पट्टा सोडला आणि मित्राच्या गळ्यात घातला. "ले बेटा. तू चलता तो जमीन कू पता नै चलता."

मला 'मुन्शीजी' आणि त्याला 'बेटा'. त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की हे दोन शब्द किती लांबचे आहेत.

मी घरी येऊन जुन्या होल्डॉलचा कॅनव्हासचा बंद कापला आणि त्याचा पट्टा केला. तो चालताना कुरकुरायचा. मित्र म्हणायचा, "लेका, तुझा पट्टा आसा आवाज करतो, तित्तराला आदल्या दिशीच निरोप जातो." पुढच्या रविवारी तो बंद तुटला आणि बंदूक चिखलात पडली.

खरं सांगायचं तर मित्रानं मला पट्टा कितीदा तरी देऊ केला. "घे की, आज तू लाव. माझा खांदा काय झिजतो का?" मी कधीच घेतला नाही. मागून मिळणारी वस्तू मला नको होती. पट्टा माझ्याकडे यावा, यापेक्षा तो त्याच्याकडे नसावा, अशी माझी इच्छा होती. हे मला तेव्हाही कळत होतं. रात्री अंथरुणावर पडलं की त्याच्या खांद्यावर बसलेला तो मऊ काळपट पट्टा डोळ्यांसमोर यायचा. त्याच्या चालण्याचा, त्याच्या नेमाचा, खेड्यातल्या बायाबापड्या त्याला 'दादा, बसा की' म्हणायच्या त्याचा, सगळ्याचा हेवा त्या दोन बोटं रुंद चामड्यात गोळा झाला होता. आणि तो माझ्यावर कधीही जळला नाही. याचा मला जास्त राग यायचा. माझ्यापाशी जळण्यासारखं काही आहे असं त्याला वाटतच नव्हतं.

मग दुष्काळ आला. पहिल्या साली विहिरी तळाला गेल्या. दुसऱ्या साली माळ असा पांढरा पडला की डोळे दुखायचे. दौलताबादच्या रस्त्याला खडी फोडायची कामं निघाली होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं बसलेली, बायका पोरं सगळी, आणि हातोड्यांचा टकटक आवाज. आम्ही सायकलवरून बंदुका घेऊन जाताना मान खाली घालायचो. त्यात मित्राच्या गावची माणसं असायची.

चाचांनी त्या वर्षी बार बंद केला होता. "यंदा बंदूक फिरवून आणायची, उडवायची नाही," असं त्यांच्या हिंदीत. घरी ठेवली की बंदुकीला गंज आणि माणसाला पोट येतं, म्हणून फिरवायची. त्यातही पाण्यावर तर नाहीच. ओढ्यात कुठंतरी एखादा झिरा जिवंत होता, वाळूत हातभर खड्डा आणि ओंजळभर पाणी. सगळ्या माळावरची पाखरं तिथं यायची. तिथं बसून कुणीही आंधळासुद्धा तित्तर पाडू शकला असता. चाचा म्हणायचे, "प्यासे पे बार नक्को. वो शिकार नै, चोरी है."

त्या रविवारी आम्ही सकाळपासून चालत होतो. तिघांच्या बंदुका रिकाम्या. मित्राची वडिलोपार्जित दोनाली पट्ट्याला, माझी एकनळी हातात, चाचांची त्यांच्या हातात. दुपारी एका कडुलिंबाखाली टेकलो. बाटल्यांतलं पाणी संपलं होतं. थोड्या अंतरावर मित्राच्या चुलत्याची विहीर होती. तिच्यात पाणी होतं, पण पोहरा पोचत नव्हता. कुणीतरी आत उतरून भरून द्यायला हवा होता. मित्र उतरणार, चाचा दोर धरणार, असं ठरलं. मी म्हणालो, मी बंदुकांपाशी थांबतो. मित्रानं पट्ट्यासकट बंदूक लिंबाच्या फांदीला अडकवली, सवयीनं बरोबर आणलेली काडतुसांची थैली बुंध्याशी ठेवली, आणि ते दोघं गेले.

झिरा लिंबापासून शंभर पावलांवर होता. मी ती बंदूक फांदीवरून काढली. आधी नुसता पट्टा खांद्याला लावून बघितला. चार पावलं चाललो. आवाज नाही, ओझं नाही, दोन्ही हात मोकळे. जणू खांद्यावर कुणी हात ठेवला आहे. माझ्या होल्डॉलच्या बंदानं खांद्याला वळ उठायचे. मला त्या क्षणी रडायला आलं होतं, हे कुणाला सांगितलं तर हसेल. चामड्याच्या तुकड्यासाठी.

मग मी फासा आणि बक्कल सोडून पट्टा काढला, थैलीतून एक काडतूस घेतलं आणि उजव्या नळीत भरलं. एक तित्तर पाडायचं, एवढंच डोक्यात होतं. त्याच्या बंदुकीनं, त्याच्या काडतुसानं. उद्या सोमवारी कचेरीत काय सांगणार होतो देव जाणे.

ओढ्याच्या काठाला पालथा पडून राहिलो. थोड्या वेळानं तित्तरं आली. पाच होती. भीत भीत, माना लांब करून. पाण्याशी येऊन एकेक घोट घेत आणि चोच वर करत. मी घोडा चढवला होता. बोट चापावर होतं.

दया आली असं लिहिलं असतं तर बरं दिसलं असतं. दया आली नाही. बाराचा आवाज विहिरीपर्यंत जाईल, हे तोपर्यंत सुचलंच नव्हतं, तेव्हा सुचलं. मी अंगठ्यानं घोडा सावकाश खाली सोडला. तेवढ्यात विहिरीकडून मित्राची हाक आली, "ए मुन्शी! पाणी आलं रे! ये लौकर, गारेगार हाय!"

मी धावत लिंबाखाली आलो. पट्टा चढवला. गळपट्टीचं बक्कल तो तिसऱ्या भोकात लावायचा. मी तिसरंच भोक शोधलं आणि तिथंच लावलं. फाश्याची शिवण नेहमी आतल्या बाजूला असायची, तीही आत वळवली. बंदूक होती त्याच फांदीला, होती तशी अडकवली. चोरी उघडी पडू नये म्हणून इतकं सगळं मला आठवलं. काडतूस आठवलं नाही.

आठवलं असेल का? पन्नास वर्षांत हा प्रश्न मी स्वतःला पुष्कळ विचारला आहे. नाही आठवलं. पण ज्याला बक्कलचं भोक आठवतं आणि काडतूस आठवत नाही, त्याचं विसरणं निरपराध आहे असं मी तरी म्हणणार नाही.

विहिरीवर मित्र ओलाचिंब उभा होता. कोपरं खरचटलेली. पोहरा माझ्याकडे करून म्हणाला, "आधी तू घे. तू उन्हात राखण केली." मी पोटभर पाणी प्यालो.

परत निघालो तेव्हा त्यानं फांदीवरची बंदूक उचलून खांद्याला लावली. उघडून बघितली नाही. का बघेल? पट्टा चढलेला होता.

वाटेत एक दगडी बांध होता, वर बाभळीच्या काट्यांची कुपाटी. मी आधी ओलांडला. मित्र बांधावर चढला आणि वाकला, तसा पट्टा एका काटेरी बुडख्याला अडकला. त्यानं खांदा ओढला. पट्टा निसटला, बंदूक दगडांवर आडवी आपटली. जुन्या बंदुकीचा घोडा तो. खाली टेकलेला असला तरी दणका बसला की पुढं मारायचा. बार उडाला. बराचसा दगडात गेला. उरलेला मागून येणाऱ्या चाचांच्या डाव्या पायात, गुडघ्याखाली.

चाचा ओरडले नाहीत. खाली बसले, पायाकडे बघितलं आणि म्हणाले, "अरे."

मित्रानं आधी आपलं धोतर फाडून त्यांचा पाय बांधला. मग बंदूक उघडली. उजव्या नळीतून जळकी पुंगळी बाहेर आली. ती हातात धरून तो तिच्याकडे बघत राहिला. त्यानं माझ्याकडे मान वळवली. त्याचा तो चेहरा मी विसरलेलो नाही.

"मी काढलं हुतं," तो म्हणाला. "सकाळी भरलंच नव्हतं. का भरलं हुतं? गड्या, तू हुतास ना, मी भरलं हुतं का?"

तेव्हा सांगायचं होतं. एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, "सकाळी घाईत, सवयीनं भरलं गेलं असेल."

माझा सगळा गुन्हा या वाक्यात आहे. काडतूस राहणं ही चूक होती. हे वाक्य म्हणजे चूक नव्हती.

बैलगाडीतून चाचांना रस्त्यापर्यंत आणलं, तिथून खडीच्या ट्रकमधून सरकारी दवाखान्यात. पाय वाचला, पण गुडघा वाकेना. काही छर्रे शेवटपर्यंत आतच राहिले. पोलिसांना चाचांनी सांगितलं, बंदूक आपल्याच हातून पडली. मित्र दवाखान्याच्या पायरीवर बसून थैलीतली काडतुसं मोजत होता. सकाळी बारा होती, आता अकरा भरली. त्यानं पुन्हा मोजली. तिसऱ्यांदा मोजली. मग थैली माझ्या हातात देऊन म्हणाला, "मीच." पुढच्या आठवड्यात त्यानं दोनाली ठाण्यात जमा केली आणि परवाना परत केला.

महिन्याभरानं चाचांनी मला दुकानात बोलावलं. पाय पसरून फळीवर बसले होते. मित्रानं परत केलेला पट्टा मांडीवर. "मुन्शीजी, ये अब तुम रखो. तुम डरपोक आदमी है. मगर देख के चलते."

मी घेतला. मला आनंद झाला. सगळ्यात लिहायला जड जातं ते हेच. घरी येताना मला आनंद झालेला होता. त्याच्या पुढच्या साली शिकारीवर बंदी आली, आणि तो पट्टा माझ्या खांद्याला एकदाही लागला नाही. कपाटाच्या आत खिळ्याला टांगला, तो टांगलेलाच राहिला. दर दिवाळीला मी त्याला एरंडेल लावत आलो.

कचेरीत मित्र बदलला. कपाटाला कुलूप लावलं की तीनदा ओढून बघायचा. बेरजा माझ्याकडून तपासून घ्यायचा. "तू बघ रे एकदा. माझं काय खरं नाय." बढतीची वेळ आली तेव्हा जबाबदारीचं टेबल नको म्हणाला. ते मला मिळालं. पुढं मी त्याच्या वरच्या खुर्चीत बसून निवृत्त झालो.

आता हेवा करावा असं त्याच्याकडे काही उरलं नव्हतं, असं कुणालाही वाटेल. पण उरलं होतं. दर रविवारी, शिकारीला निघायचो त्याच वेळी, तो सायकलवरून औरंगपुऱ्यात जायचा. चाचांचा पाय तेलानं चोळायचा. दोघं चहा प्यायचे, जुन्या शिकारींवर भांडायचे. चाचा त्याला 'बेटा' म्हणायचे ते म्हणतच राहिले. कधी मी गेलो तर म्हणायचे, "आइए मुन्शीजी," आणि बसायला खुर्ची मागवायचे. तो जमिनीवर त्यांच्या पायाशी बसलेला असायचा. न केलेल्या गुन्ह्याची माफी त्याला दर आठवड्याला मिळत होती. केलेल्या गुन्ह्याची मागायचीसुद्धा सोय मी ठेवली नव्हती. त्या माफीचाही मला हेवा वाटायचा. चाचा वारले तेव्हा खांदा द्यायला तो सगळ्यात पुढं होता, आणि मग दोन पावलांवर थांबून त्यानं आपली जागा दुसऱ्याला दिली. मला वाटलं, थकला असेल.

वर्षं गेली. शहर पडेगाव ओलांडून पुढं गेलं. माळाचे प्लॉट पडले. त्या बांधाचे दगड कुणीतरी कंपाउंडला लावले असतील. झिरा होता तिथं आता मंगल कार्यालयाची पार्किंग आहे. शहराचं नाव बदललं, पाणी अजून टँकरनंच येतं. मित्राची शेती विकली गेली. उरलेल्या तुकड्यावर मुलानं दुमजली घर बांधलं. तिथं मी सणासुदीला जात असे.

गेल्या वर्षी तिथं त्याच्या पणतीचं बारसं होतं. पोरगी रडत होती. नातसून म्हणाली, "आजोबा, जरा खांद्याला लावा ना हिला, मी एवढं ताट ठेवते." तो चटकन मागं सरला. "नको नको. दुसऱ्या कुणाकडं दे. माझ्या खांद्याचा भरवसा नाय."

सगळे हसले. त्याची सून मला म्हणाली, "काका, हे ह्यांचं नेहमीचंच. आमच्या पोरांनासुद्धा कधी खांद्यावर घेतलं नाही. मांडीवर घेतील, खेळवतील. खांद्यावर नाही. काय तर म्हणे, माझ्या खांद्यावरनं एकदा पडलंय."

मी जेवलो नाही. पोट बिघडलं म्हणून सांगितलं आणि रिक्षा करून घरी आलो. मला वाटत होतं, मी त्याच्याकडून एक पट्टा घेतला. पन्नास वर्षं मी त्याचा खांदाच घेऊन बसलो होतो.

तरी पुन्हा जायला मला चार महिने लागले. गेलो तेव्हा पट्टा पिशवीत होता. तो पोर्चमध्ये खुर्ची टाकून बसला होता, समोर टँकरचा पाइप टाकीत सोडलेला. मी पट्टा त्याच्या मांडीवर ठेवला आणि सगळं सांगितलं. लिंब, झिरा, पाच तित्तरं, तिसरं भोक.  तो पट्ट्याचं बक्कल बोटानं उलटसुलट करत राहिला.

मग विचारलं, "कोणती नळी?"

"उजवी."

"आन् भोक तिसरंच लावलंस?"

"हो."

"म्हंजे ते ध्यानात राह्यलं." तो पाइपाकडे बघत होता. "चाचाला सांगितलंस?"

"नाही."

"त्यांना सांगायला पायजे हुतं. मला येक वेळ नाय सांगितलं तर चाललं आसतं." त्याचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "मी पोराला सायकल शिकवली नाय, ठावं हाय का तुला? मागून धरायचं आन् सोडायचं आसतं. मला सोडायचा धीर नाय झाला. शेजाऱ्यानं शिकवली."

मी म्हणालो, "मला माफ कर म्हणत नाही."

"म्हनूबी नको." त्यानं पट्टा मांडीवर सरळ केला. मग म्हणाला, "तोंडी नको आता. लिहून दे. जलम कचेरीत काढला आपण, तोंडी गोष्टीला काय किंमत? घरात वाचून दाखवीन सगळ्यांना. नावं नको घालू. चाचाचे नातू हायेत, त्यांच्या घरी उगं कालवाकालव. पन सगळं लिही. तुला काय वाटत हुतं ते बी लिही. कशापायी केलं ते."

"हेव्यापायी," मी म्हणालो.

"कशाचा हेवा रे? माझ्याकडं हुतं काय?"

मी पट्ट्याकडे बोट केलं. त्यानं तो उचलून बघितला, जणू पहिल्यांदाच बघतो आहे. "ह्याच्यापायी? मी दिला नसता का?"

"देत होतास."

"मग?"

याचं उत्तर वर लिहिलं आहे. तो वाचेल.

मी पिशवी उचलली. त्यानं पट्टा परत दिला नाही, मीही मागितला नाही. फाटकाशी रिक्षाची वाट बघत उभा होतो, तेव्हा मागून त्याची हाक ऐकू आली. मला नव्हती. "अगं ए, पोरीला आन जरा इकडं."

नातसून पोरीला घेऊन आली. तो उठला नाही. खुर्चीतच ताठ बसला, दोन्ही पाय जमिनीवर घट्ट रोवले आणि म्हणाला, "तू इथंच उभी राहा. हलू नको." मग पोरीला उचलून उजव्या खांद्याला लावलं. तळहात तिच्या पाठीवर, दुसरा हात खाली.  पोरगी रडली नाही. मान टाकून पडून राहिली.

रिक्षा आली तरी मी चढलो नाही. मला बरं वाटायला हवं होतं, आणि थोडं वाटलंही. पण त्याच्या खांद्यावर ती पोर इतकी अलगद बसली होती, आवाज नाही, ओझं नाही, की तो जुना, ओळखीचा हेवा पुन्हा वर आला. या वयातही. हेही लिहून ठेवतो, कारण सगळं लिही असं त्यानं सांगितलं आहे.